दोन वेढे

आकडा उतरला होता, तरी डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. जितेशला वाटलं होतं, कागद बघून त्या मान डोलावतील, फार तर बाळाला एक-दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवू म्हणतील, आणि तो व्हरांड्यात जाऊन हमरापूरला सासऱ्यांना फोन लावील की घाबरू नका, तुमचा नातू ठीक आहे. रोह्याच्या डॉक्टरांनी परवा रक्त तपासलं तेव्हा बाळाची कावीळ अठरा होती. काल संध्याकाळपासून बाळ अंगावर पिईना म्हणून आज उजाडताच ते पेणला आले, इथे पुन्हा रक्त काढलं, आणि ती चौदा निघाली. अठराची चौदा. आता यात समजायला अवघड काय आहे? जितेश धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. काटा वर चढला की घाम फुटायचा, खाली आला की चहा मागवायचा, हे गेली नऊ वर्षं त्याच्या अंगवळणी पडलेलं. तेव्हा चौदा हा आकडा ऐकल्याबरोबर त्याचा जीव भांड्यात पडला होता. पण रेचल डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला आणि त्या बाळाच्या तळपायावर टिचकी मारत राहिल्या. एकदा, दोनदा, तीनदा. बाळाने पाय जरासा ओढून घेतला, तोही झोपेत माशी हाकलल्यासारखा. मग एकाएकी मान मागे टाकून ते रडलं. बारीक आणि टोकदार. हे रडणं आपल्या बाळाचं नाही, कुणीतरी दुसरंच रडतंय, असं जितेशला वाटलं.

"कधीपासून असा रडतोय?"

"रात्रीपासून," निशिगंधा म्हणाली. बाळंतपणाला आठवडाही झाला नव्हता. खुर्चीत नीट बसवत नव्हतं, तरी ती पुढे झुकून टेबलाची कड धरून बसली होती.

"बाळाला काही औषध दिलंय? नाहीतर तुम्ही काही घेतलंय?"

"मी रोह्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या घेते. बाळाला काहीच नाही."

"औषध कशाला देऊ गो बाई?" दाराशी उभी असलेली सरू, जितेशची आई, म्हणाली. "दवाखान्यात टोचली ती सुई. बाकी काय नाय दिलं."

ती खोटं बोलत नव्हती. हे जितेशला पक्कं ठाऊक होतं. आईच्या लेखी औषध म्हणजे दवाखान्यातून पुडीत येतं ते. सहाणेवर उगाळतात ती गुटी. गुटी हे औषध कसं असेल? अंघोळ हे काही औषध नव्हे, धुरी हे औषध नव्हे, तशीच गुटी. काल सकाळी तो रात्रपाळी संपवून घरी आला तेव्हा आई स्वयंपाकघरात फतकल मारून बसली होती. पुढ्यात सहाण, वाटीत निशिगंधाने गुटीसाठी काढून दिलेलं दूध; ती आत निजली होती. हळकुंडाचा एक वेढा, वेखंडाचा एक, मुरुडशेंगेचा एक, जायफळाचा अर्धा, कारण जायफळाने पोर सुस्तावतं. दगडावर ते सगळं फिरण्याचा आवाज त्याने इतक्या वर्षांनी ऐकला, आणि बूट न काढताच तो दारात उभा राहिला. शेवटी आईने पदराच्या गाठीतून एक पांढरी गोळी काढली, चिमटीत धरली आणि तिचेही दोन वेढे घेतले. "हिरवं हगतंय ना," ती वर न बघता म्हणाली होती, "दोन येढ्यांत थांबल." आणि जितेशला काय वाटलं? त्याला बरं वाटलं. हे तो आता कुणाला सांगू शकणार नव्हता, पण त्याला फार बरं वाटलं. जिभेच्या मुळाशी ती जुनी कडू-गोड चव आली. आई इथे आहे, आईला कळतं, आता काळजी नाही, असं म्हणून तो जाऊन झोपला.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण निशिगंधाची आई नाही, आणि आषाढात हमरापूरच्या त्यांच्या घरात माणसाला पाय ठेवायला जागा नसते. पडवीपासून माजघरापर्यंत गणपती. कुणाला सोंड बसायची, कुणाचे डोळे राहिलेले, हवेत प्लास्टरची भुकटी आणि रंगाचा वास. तिच्या वडिलांनी, महिपतींनी, हात जोडून सांगितलं की पोरीला या धुळीत कुठे निजवू? म्हणून सरू आपल्या गावाहून, खांबहून, रोह्याला आली. येताना गुटीचा डबा आणला आणि आपला शब्दही आणला. खांबला सरूचा शब्द चालतो. कुणाच्या पोराचं पोट फुगलं, कुणाची बाळंतीण दुधाला आटली, की पहिली हाक तिला. आणि ती गोळी तर घरातली कथाच होती. जितेश दोन वर्षांचा असताना त्याला रक्ती आव झाली, हायवेला वाहन मिळेना, बाप कोलाडला कामाला. शेवटी नाथा कंपाउंडरने एक सल्फाची गोळी दिली आणि म्हणाला, उगाळून चाटव. पोर तिसऱ्या दिवशी भात मागायला लागलं. तेव्हापासून ती गोळी सरूच्या पदराला. मेडिकलवाले बदलले, गोळीचं पाकीट बदललं, पण जुनं रिकामं पाकीट दाखवून ती तीच मागून आणायची. जितेशला हे सांगताना दरवेळी तिचा हात त्याच्या डोक्यावरून फिरायचा. लग्न झाल्यावरही. त्याला लाजल्यासारखं व्हायचं आणि तो हात बाजूला होऊ नये असंही वाटायचं.

"आकडा उतरलाय ना, डॉक्टर?" त्याने विचारलं. आपला आवाज आपल्यालाच विनवणीचा वाटला.

रेचल डॉक्टरीणबाई पेणच्याच, इथल्या जुन्या ज्यू घराण्यातल्या. त्यांचे भाऊबंद कधीच इस्रायलला गेले, त्या राहिल्या. अर्ध्या तालुक्याची पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे शिकल्यासवरल्या बापांना कसं समजवायचं ते त्यांना माहीत होतं. "तेच तर मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "आकडा उतरला की पोर जागं व्हायला हवं. हे तर झोपत चाललंय. बघा, हे पिवळं रक्तात मोकळं फिरत नाही. रक्तातल्या एका पदार्थाला चिकटून बसतं, आणि चिकटलेलं असतं तोवर फारसं नुकसान करत नाही. पण काही औषधं अशी आहेत की ती जाऊन त्याला उठवतात आणि त्याच्या जागेवर स्वतः बसतात. मग पिवळं सुटतं आणि रक्तातून बाहेर पडून मेंदूत शिरतं. रक्त तपासलं तर कमीच दिसणार, कारण ते रक्तात राहिलंय कुठे? म्हणून विचारते. सल्फाचं काही पोटात गेलंय?"

सल्फा. आईला हा शब्द ठाऊक होता की नाही? जितेशने तो पाकिटावर वाचला होता, नाथा कंपाउंडरही म्हणाला असेल, पण ती 'पांढरी गोळी' म्हणायची. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती बाळाकडे बघत होती. हिरवं लुगडं, त्यावर आज मुद्दाम घातलेली चांगली शाल, हातात पिशवी. पिशवीत निशिगंधासाठी आळिवाची खीर, कारण दवाखान्यातलं खाणं बाळंतिणीला चालत नाही. जितेशच्या मनात दोन माणसं एकमेकांना ढकलू लागली. सांग, आत्ताच्या आत्ता सांग, असं एक म्हणत होतं. आणि दुसरं म्हणत होतं, कसं सांगशील? इथे, परक्या बाईसमोर, सुनेसमोर? ज्या गोळीने तू जगलास म्हणून ती तीस वर्षं सांगत आली, त्याच गोळीने तिचा नातू मरणाच्या दारात गेला असं तिला कोण ऐकवणार? ती पुन्हा कुणाच्या पोराला हात लावील का? ती जेवेल का? निशिगंधा तिला पुन्हा कधी आई म्हणेल का? एवढं सगळं मनात येऊन गेलं, तरी डॉक्टरीणबाई अजून उत्तराची वाट बघत होत्या. मग त्याला वाट सापडल्यासारखं झालं. गोळीचं सांगायचं, हाताचं नाही.

"मी दिली," तो म्हणाला. "सल्फाची गोळी. बाळाला हिरवं होत होतं म्हणून."

निशिगंधाने वळून बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता अजून, नुसतं न समजणं होतं. संसार मांडून चार वर्षं झाली, या माणसाला चमचा कुठे ठेवलाय ते माहीत नाही, आणि हा गोळी उगाळायला बसला कधी?

"किती दिली? कधी?"

"एकदाच. काल सकाळी. थोडीशीच, दुधात चाटवली."

डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला. "एकदाच आणि थोडी, बरं. मग तेवढ्याने एवढं व्हायला नको. आत्ता दिव्याखाली ठेवते, सलाईन लावते, संध्याकाळी पुन्हा रक्त बघू. लगेच रक्त बदलायचं म्हणजे एवढ्याशा जिवाला धोका आहेच, तो उगाच नको." त्यांनी नर्सला हाक मारायला बेलवर हात ठेवला. जितेशला वाटलं, सुटलो. सगळेच सुटलो. आईही सुटली.

"नाय."

सरू दारातून आत आली होती. पिशवी तिने खाली ठेवली, खिरीचा डबा आत वाजला. "खोटं सांगतोय तो. त्याला कुठली गोळी म्हायीत? मी दिली. तीन दिस झाले. सकाळ-सांज, दोन-दोन येढे. आज निघतानापन दिली, वाटंत तरास नको म्हनून." तिने पदराची गाठ सोडायला घेतली. एरवी एका हाताने सुटणारी गाठ सुटेना. शेवटी दाताने सोडली आणि गोळी टेबलावर ठेवली. एका बाजूने झिजून तिरकी झालेली गोळी, अर्धीअधिक संपलेली. "ही दुसरी हाय. पयली संपली."

डॉक्टरीणबाईंनी गोळी उचलली, चष्म्याजवळ नेली, आणि पुढची दोन-चार वाक्यं त्या इतक्या शांतपणे बोलल्या की जितेशला त्यातून काय होऊ घातलंय ते आधी कळलंच नाही. संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. रक्त बदलायचं. अलिबागहून रक्त मागवायचं, गाडी आत्ता पाठवायची. जाता जाता त्या सरूजवळ थांबल्या. "आजी, बरं झालं बोललात. मी थांबले असते." सरूने मान हलवली. तिला ते ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक.

पुढचा दिवसभर तिघं व्हरांड्यातल्या बाकावर होती, आणि तिघांत दोन माणसं बसतील एवढी अंतरं होती. आत काचेपलीकडे बाळाच्या बेंबीतून बारीक नळी घातली होती. थोडं रक्त काढायचे, थोडं घालायचे, पुन्हा थोडं काढायचे. जितेशला ते बघवत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं. मघाचं 'सुटलो' त्याला आठवत होतं. किती गोड वाटलं होतं ते! आईची लाज राखली म्हणून स्वतःचं कौतुकही वाटलं होतं थोडं. आणि त्या कौतुकात आपण बाळाला संध्याकाळपर्यंत तसंच पडू देणार होतो. आई तीन दिवस देत होती हे त्याला माहीत नव्हतं, खरं आहे. पण त्याने विचारलं होतं का? एवढंच तर करायचं होतं, मागे वळायचं आणि विचारायचं, आई, किती वेळा दिलीस? तेवढं विचारायचं धैर्य नाही म्हणून तो तिचा रक्षणकर्ता झाला होता. निशिगंधा बोलली ती समोरच्या भिंतीकडे बघत. "मला तुमचा राग जास्त आलाय. त्यांनी न कळून दिलं. तुम्ही कळून लपवलंत." सरू उठली, खिरीचा डबा उघडून सुनेच्या मांडीवर ठेवला आणि परत आपल्या टोकाला जाऊन बसली. निशिगंधाने खीर खाल्ली. रडत रडत खाल्ली, पण सगळी खाल्ली.

दोन दिवसांनी बाळाने डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी ते पिऊ लागलं, अधाशासारखं, आणि रडलं ते स्वतःच्या आवाजात. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. मग जितेशला बाजूला घेऊन म्हणाल्या, "धोका टळलाय. पण एक गोष्ट आत्ता सांगून ठेवते. हे पिवळं मेंदूत गेलं की सगळ्यात आधी कानाच्या नसांना लागतं. काही झालं असेल, नसेलही. दिवाळीनंतर पनवेलला मशीनवर तपासून घेऊ. तोवर बोलत राहा त्याच्याशी." ते घरी निघाले तेव्हा सरू त्यांच्याबरोबर रोह्याला आली नाही. नागोठण्याला गाडी थांबली तशी ती उतरली, म्हणाली, मी जाते एष्टीने. कपडे, गुटीचा डबा, सहाण, सगळं रोह्यालाच राहिलं. जितेशने हाक मारली, पण गाडीत बाळ होतं, पाऊस होता, मागे ट्रक हॉर्न देत होता. ती रस्ता ओलांडून गेली.

बारसं लांबवून लांबवून श्रावणात केलं. सरू आली नाही. निरोप दिला की लावणी उरकायचीय. जितेशच्या बहिणीने, अनिताने, आत्याच्या मानाने बाळाला पाळण्यात घातलं, वाकून कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, शिवा. बायका हसल्या, पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. जितेश पाळण्याच्या डोक्याशी उभा राहून एवढंच बघत होता की कानात कुर्रर्र झालं तेव्हा पापणी हलली का. हलली नाही. म्हणजे आधी हलली होती, पण तेव्हा अनिताच्या बांगड्या तोंडावर आल्या होत्या. नाव ठेवलं खरं, पण ते पोचलं का? त्या दिवसापासून त्याला नादच लागला. स्वयंपाकघरात मुद्दाम झाकणी पाडायची आणि धावत पाळण्याशी यायचं. मागून टाळी वाजवायची. पण टाळीचा वारा लागतो, मग वारा न लागेल अशी वाजवायची. कामावरून आला की आधी दार आपटायचं. शिवा कधी दचकायचा, कधी नाही. दचकला तर जितेशला वाटायचं योगायोग, आणि नाही दचकला तर रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही. शेवटी निशिगंधाने एकदा त्याच्या हातातून ताट-पळी काढून घेतली. "लेकरू आहे ते, कंपनीतलं मीटर नाही. सारखं काय ठोकून बघता? डॉक्टरांनी बोलायला सांगितलंय. बोलता का कधी?" तो ओशाळला. खरंच, तो वाजवत होता, बोलत नव्हता. काय बोलणार? बोललं आणि ऐकूच गेलं नाही तर?

आई फोनवर बोलायची. शेताचं सांगायची, भावकीतलं सांगायची, तुझी पाठ दुखते का विचारायची. बाळाचं विचारायची नाही. निशिगंधा फोन घ्यायची तेव्हा 'बरी हाईस ना गो?' एवढं म्हणून ठेवून द्यायची. खांबचीच कुणी बायजाबाई रोह्याच्या बाजारात भेटली, तिने सांगितलं, सरूने पोरांचं बघणं सोडलं. कुणी पोर घेऊन दारात आलं की म्हणते, दवाखान्यात ने. जितेशने हे घरी सांगितलं. निशिगंधा शिवाचं अंग पुसत होती. तिने पुसणं थांबवलं नाही, पण तिचे हात सावकाश झाले.

दसरा झाला, आणि ती एका रविवारी सकाळी म्हणाली, "पनवेलला जायच्या आधी खांबला जाऊन येऊ."

"आईने बोलावलं नाही."

"त्यांचं एकट्यांचं घर आहे का ते?"

भात कापणीला आलं होतं. सरू घरामागच्या खळ्यात होती, शेणाने सारवून नुकतंच वाळलेलं खळं झाडत. वाऱ्याने गेल्या वर्षीचा पेंढा सळसळत होता, हायवेवरून गाड्यांचा आवाज सारखा येत होता, शेजारच्या घरी मिक्सर चालू होता. तिने त्यांना कुंपणातून येताना पाहिलं आणि केरसुणी हातात तशीच धरून ती मागे सरकली. पार खळ्याच्या पलीकडच्या कडेला गेली. रिकामा हात पदराखाली घेतला. ती वाळली होती. शिवा निशिगंधाच्या खांद्यावर होता, तोंड कुंपणाकडे, सरूकडे पाठ.

निशिगंधा खळ्याच्या अलीकडच्या कडेला थांबली. पुढे गेली नाही. "आई, काहीतरी बोला."

सरूने मान हलवली. नाही.

"त्याने तुमचा आवाज ऐकला नाही कधी. आठवडाभराचा होता तेव्हाचा काय आठवणार त्याला? बोला ना."

"काय बोलू गो?" सरू म्हणाली. आवाज फुटतच नव्हता नीट, पेंढ्याच्या सळसळीतच विरला. "माज्या तोंडानं मी काय बोलू त्याच्याशी?"

शिवाची मान हलली. आधी टाळूवरचे केस हलले, मग अख्खं डोकं डगमगत निशिगंधाच्या खांद्यावरून वर उठलं आणि वळलं. झाकणी पडल्यावर दचकतात तसं नव्हतं ते. तो शोधत होता. त्याच्या नजरेने कुंपण ओलांडलं, बापाला ओलांडलं, ती खळ्यावरून सरकत पलीकडे गेली आणि त्या वाळलेल्या बाईवर येऊन थांबली. जितेश तिथेच मातीत बसला. निशिगंधाने काही न बोलता शिवाला उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, पुन्हा पाठ सरूकडे, तोंड कुंपणाकडे, आता दुसरा कान मोकळा.

"परत बोला, आई."

सरूच्या हातून केरसुणी सुटली. तोंडात पदर कोंबून ती रडत होती. मग पदर काढून ती कशीबशी म्हणाली, "शिवा."

आणि त्याने या वेळी दुसऱ्या बाजूने मान वळवून तिच्याकडे बघितलं.